विचारा, सांगतो: उभा राहिलेला बारावा गडी

प्रश्न: माझा मुलगा टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत एमएस करतोय. व्हिडिओ कॉलवर सांगत होता की फुटबॉलच्या मॅचला सीट असून पोरं बसत नाहीत, तीन-साडेतीन तास उभीच. म्हणे 'आम्ही बारावा गडी'. आपल्याकडे तर बारावा गडी ड्रिंक्स घेऊन पळतो! आणि तिथे एका कुत्रीला म्हणे मॅडम म्हणतात, हे खरं का?

उत्तर: ताई, दोन्ही खरं आहे, आणि पहिली गोष्ट तर माझी फार लाडकी. २ जानेवारी १९२२, डलास. समोर सेंटर कॉलेज, म्हणजे त्याच सीझनमध्ये हार्वर्डला हरवून आलेली टीम. ए अँड एमची पोरं एकेक करून जखमी व्हायला लागली, बेंचवर फारसं कोणी उरेना, तेव्हा कोच डॅना बायबल यांना किंग गिल आठवला. हा पोरगा फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे गेलेला, त्या दिवशी वर प्रेस बॉक्समध्ये बसून पत्रकारांना कोणता खेळाडू कोण ते सांगत होता. हाक आल्यावर खाली आला, स्टँडखाली एका जखमी खेळाडूचे कपडे अंगावर चढवले आणि मॅच संपेपर्यंत लाइनबाहेर तयार उभा राहिला. टीम २२-१४ अशी जिंकली, त्याला खेळायची वेळच आली नाही. पण तो उभा होता ना, तेच लोकांच्या मनात राहिलं. अमेरिकन फुटबॉललाही मैदानात अकराच असतात, म्हणून हा बारावा. आज ए अँड एमच्या काइल फील्ड स्टेडियमवर लाखभर माणसं मावतात, आणि तुमच्या मुलासारखे स्टुडंट्स उभं राहून हेच सांगतात की बोलवा, आम्ही तयार आहोत. मला तर हे आपल्या बाराव्या गड्याच्या जवळचंच वाटतं, तोही पॅड न बांधता दिवसभर तयारच असतो की.

आता मॅडम. १९३१ मध्ये तिथल्या काही कॅडेट्सच्या, म्हणजे लष्करी शिस्तीत शिकणाऱ्या स्टुडंट्सच्या, गाडीखाली एक काळीपांढरी भटकी कुत्री आली, त्यांनी तिला उचलून चोरून हॉस्टेलवर आणलं, कारण प्राणी ठेवायला बंदी. सकाळी उठवायचा बिगुल वाजला आणि ही भुंकायला लागली. त्या बिगुलाच्या धूनला रेव्हिली म्हणतात, तेच तिचं नाव पडलं. पुढे ती युनिव्हर्सिटीची मॅस्कॉट, म्हणजे शुभचिन्ह झाली आणि तिच्यानंतरच्या प्रत्येक कुत्रीला तेच नाव मिळत गेलं. आताची रेव्हिली कॉली जातीची असते, कॅडेट्समध्ये तिचा हुद्दा सगळ्यात वरचा, म्हणून 'मिस रेव्ह, मॅम'. आधीच्या सगळ्या रेव्हिली स्टेडियमच्या उत्तर टोकाला पुरलेल्या आहेत, स्कोअरबोर्डकडे तोंड करून. पुढे स्टेडियम वाढवलं, बोर्ड दिसेना झाला, तर त्यांच्यासाठी बाहेर वेगळा छोटा स्कोअरबोर्ड लावला. मुलाला सांगा, एकदा तिथे जाऊन ये.