'त्सागान सार'मधला 'सार' आपला नाही

प्रश्न असा आलाय की काल्मिक लोकांच्या 'त्सागान सार' सणातला 'सार' म्हणजे संस्कृतातला सार का, आणि सणाला मराठीत 'काल्मिक नववर्ष' म्हटलं तर चालेल का.

नाही, दोन्हीही नाही. काल्मिक लोक बौद्ध आहेत, रशियात कॅस्पियनच्या बाजूला राहतात, पण भाषा मंगोल कुळातली, आणि तिच्यात 'सार' म्हणजे चंद्र आणि महिना दोन्ही. आपल्या 'महिना'तला फारसी 'माह' पण चंद्रच की. 'त्सागान' म्हणजे पांढरा, म्हणून पांढरा महिना. आणि ते 'त्सा' कशाला लिहायचं, तो उच्चार आपल्या 'चांगला'मधल्या च चाच आहे, हिंदीवाल्यांकडे तो नाही म्हणून ते त्सा लिहितात, आपण बिनधास्त 'चागान' लिहावं, फक्त मधला ग जरा घशातून.

आता नववर्ष. मंगोलियात हा सण नववर्षाचा, पण काल्मिकांकडे तो वसंताचा. भेटल्यावर ते एकमेकांना विचारतात, हिवाळ्यातून सुखरूप बाहेर पडलात ना? स्टेपमध्ये, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांत, जनावरं घेऊन राहणाऱ्याला हा खरा प्रश्न असतो, आणि २८ डिसेंबर १९४३ ला सोव्हिएत सरकारने अख्ख्या काल्मिक समाजाला आगगाड्यांत भरून सायबेरियात पाठवलं, १९५७ पासून परत येता आलं, हे माहीत असेल तर ते वाक्य वाचताना गलबलून येतं. या सणाला बोर्चोग, म्हणजे कणकेचे तळलेले पदार्थ, करतात, गोल चपटे सूर्यासारखे असतात ते चेलवग, आणि मेंढ्याच्या आकाराचे ते खुच.

त्यांचं खरं नववर्ष म्हणजे 'झुल', साधारण डिसेंबरात. झुल म्हणजे दिवा, बस. तिबेटी परंपरेतले गुरू चोंखापा १४१९ मध्ये वारले त्यांच्या स्मरणाचा हाच दिवस, आणि त्याच दिवशी सगळे काल्मिक एकदम एक वर्षाने मोठे होतात, वाढदिवस कधीही असो. कणकेची होडी करतात, दिव्यांच्या अवसेला आपण कणकेचे दिवे करतो तशी, आणि तिच्यात गवताच्या काड्यांना कापूस गुंडाळून वाती, वयाच्या हिशेबाने मोजून, वर तूप.

म्हणून चागान सारला 'पांढरा महिना' म्हणा आणि नववर्ष झुलसाठी ठेवा. झुल लिहिताना झ 'झाड'मधला, आणि उकार ऱ्हस्वच ठेवा, दीर्घ केला की वाचणाऱ्याला पोळ्याच्या बैलावरची झूल आठवते.