पेठेतल्या जुन्या दगडी भिंतीवरच्या स्प्रेच्या घोषणा कशा काढायच्या, आणि त्यावरून होणारं भांडण कसं टाळायचं?

आधी भिंत कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा फलक असेल, तर साफसफाई त्यांचीच माणसं करतील. १९५८च्या कायद्यात संरक्षित वास्तू विद्रूप करण्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि दगडाची हानी करण्यालाही तेवढंच. म्हणजे चांगल्या हेतूने ॲसिड ओतणारा कार्यकर्ताही त्यात अडकू शकतो. पालिकेच्या वारसा यादीतली इमारत असेल, तर वारसा विभागाची लेखी परवानगी घ्या.

ॲसिड सांध्यांतला चुना खातं आणि भिंतीत क्षार सोडतं. तारेच्या ब्रशाचे कण दगडात अडकून पावसाळ्यात तांबेरा धरतात. सँडब्लास्टिंगने छिन्नीचे मूळ घाव पुसले जातात, ते परत येत नाहीत.

खाली कोपऱ्यात १० सेंमीचा चौकोन घेऊन चाचणी करा. दगड पाण्याने ओला करा, म्हणजे विरघळलेला रंग छिद्रांत आत ओढला जात नाही. बेंझिल अल्कोहोलचं रंग काढणारं जेल ३-४ मिमी जाड लावून वर प्लास्टिक ताणा, अर्ध्या तासाने कोपरा उचलून पाहा. रंग सुरकुतला की लाकडी पट्टीने खरवडा, नायलॉनच्या ब्रशाने आणि साध्या पाण्याने धुवा. ओघळ खालच्या दगडांवर जाऊ नये म्हणून पायथ्याशी चिंध्या दाबून ठेवा. छिद्रांत डाग उरला, तर ॲसिटोनमध्ये कालवलेल्या मुलतानी मातीचा सेंटिमीटरभर लेप देऊन वर प्लास्टिक ताणा. काही तासांनी प्लास्टिक काढा. लेप सुकताना डाग बाहेर ओढतो. ॲसिटोन पेट घेतं, जवळपास विडी-काडी नको. पुसट छाया उरली तर राहू द्या. कोरलेली नावं मात्र घासू नका, दगडच कमी होईल.

वाद पेटतो तो निवडीवरून. एका मंडळाची घोषणा पुसली आणि शेजारी दुसऱ्याची राहिली, तर रात्रीत भिंत पुन्हा रंगते. म्हणून सगळं एकाच दिवशी काढा, दोन्ही बाजूंची माणसं तिथे उभी करून. जातीय किंवा धार्मिक चिथावणी असेल तर आधी पोलिसांना बोलवा, फोटो आणि पंचनामा झाला की लगेच पुसायला घ्या. सकाळपर्यंत तो मजकूर मोबाइलवर फिरतो. अक्षरांवर वरून रंग फासणं तर मुळीच नको. चौकोनी ठिगळ उठून दिसतं आणि पुढच्या माणसाला तयार फळा मिळतो.