वडिलांच्या साठीला सगळ्यांना पुण्यातल्या महागड्या कोरियन हॉटेलात न्यावं का? आम्ही धुळ्याचे, आई शाकाहारी आहे, वडील सगळं खातात.

न्या. पण "आई शाकाहारी" हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, तिथूनच सुरुवात करा. आमची फजिती नेमकी तिथेच झाली.

आम्ही अमळनेरचे. गेल्या वर्षी नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, साठ पूर्ण झाली. घरी शांत झाली, ओवाळणं झालं, भाऊबंदांना वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचं जेवण झालं. ताई पुण्यात नोकरीला. ती म्हणाली, आता एक जेवण माझ्याकडून. रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्या आहेत, त्यामुळे त्यांच्या साहेबलोकांच्या जिभेला चालतील अशी हॉटेलं पुण्यात आहेत. त्यातलं एक तिने निवडलं. आम्ही सात माणसं, बिल अकरा हजारांच्या वर. नानांना आजही चार हजार झाले असंच माहीत आहे.

बसलो, पाणी आलं, आणि आम्ही काही मागवायच्या आत वाढणाऱ्या पोरीने टेबलावर आठ वाट्या मांडल्या. मुळा, मोड आलेलं सोयाबीन, तिळाच्या तेलातला पालक, गोडसर बटाटा, किमची. "हाई काय शे भो?" म्हणत नानांनी वाट्या मोजायलाच घेतल्या. त्यांना वाटलं, प्रत्येकीचे पैसे लागणार. तर तसं नाही. याला बांचान म्हणतात. आपल्या ताटाची डावी बाजू असते ना, तसं समजा. फुकट असतं, संपलं की पुन्हा देतात. फक्त त्यावरच पोट भरू देऊ नका.

आणि त्याच वाट्यांमध्ये घोळ होता. आईच्या गळ्यात माळ आहे. मेनूकार्डावर हिरवा ठिपका बघून आम्ही तिच्यासाठी भात मागवला आणि निर्धास्त झालो. पण बांचान मेनूकार्डावर नसतंच, मग त्याला ठिपका कुठून येणार? तिने किमचीचे दोन घास खाल्ले. किमचीत कोबी, मुळा, लसूण, मिरची दिसते, म्हणजे आपलं लोणचंच. पण बहुतेक किमचीत माशांचा आंबवलेला सॉस किंवा खारवलेली बारीक कोळंबी असते. ताईने उशिरा विचारलं, वेटरने सहज "हो, फिश सॉस आहे" म्हणून सांगितलं. आई उठली, खळखळून चूळ भरून आली आणि म्हणाली, "मुकाट्यानं जेवा, त्यांचा दिवस आहे." ताईचा चेहरा मात्र जेवण संपेपर्यंत पडलेला होता.

म्हणून आदल्या दिवशी फोन करा, तोही दुपारी चार-पाचला, गर्दीच्या वेळी कुणी नीट बोलत नाही. "व्हेज आहे का" असं विचारू नका, हो म्हणून मोकळे होतात. किमचीत मासळी आहे का, सूपचं पाणी सुक्या मासळीचं आहे का (बहुतेक वेळा असतंच, वर नुसता टोफू तरंगत असला तरी), धिरड्याच्या पिठात अंडं आहे का, हे एकेक करून विचारा. मासळीशिवाय किमची काही ठिकाणी मिळते, पण आधी सांगावं लागतं.

आईसाठी बिबिमबाप मागवा, अंडं आणि मांस वगळून, आणि तो तापलेल्या दगडी भांड्यातला घ्या. त्याला दोलसोत म्हणतात. वर भाज्या, खाली भात, आणि तळाला भात चरचरत राहतो. आईने चमच्याने तळ खरवडला आणि पहिल्यांदा हसली. "खरवड!" घरी पातेल्याची खरवड कायम तिच्याच वाट्याला येते, कारण बाकी कुणाला नको असते. इथे त्याच खरवडीचे साडेसहाशे रुपये.

आता वडील. आमच्या नानांनी शेतात पऱ्हाट्या पेटवून आयुष्यभर भरताची वांगी भाजली, ती दुसऱ्या कुणाला भाजू दिली नाहीत. इथे टेबलाच्या मध्येच शेगडी, वर धूर ओढणारं नळकांडं. पोरगी डुकराच्या मांसाचे लांब पट्टे त्यावर टाकून कात्रीने कापायला लागली. जेवणात कात्री बघून आईने डोळे मिटले. नानांनी दोन मिनिटं पाहिलं आणि तिच्या हातातून चिमटा काढून घेतला. पुढचा तासभर शेगडी त्यांच्याच ताब्यात. भाजलेला तुकडा सॅलडच्या पानात ठेवायचा, वर कच्च्या लसणाची चकती, हिरवी मिरची, थोडी आंबवलेल्या सोयाबीनची चटणी, आणि अख्खा विडा तोंडात. लसूण-मिरची पाहून नानांची कळी खुलली. गोचुजांग नावाची लाल चटणी मात्र त्यांनी बाजूला सारली. ती गोडसर तिखट असते, काळ्या मसाल्यावर वाढलेल्या माणसाला ती खेळण्यातली वाटते. आईसाठी एखादी भाजी भाजायची असेल तर वेगळी शेगडी मागा. बुलगोगी (मसाल्यात मुरवून भाजलेलं मांस) मूळची गोमांसाची, तेव्हा तिथे कशाची करतात तेही विचारून घ्या. आणि गुडघेदुखी असेल तर खुर्च्यांचं टेबल सांगा, काही ठिकाणी बैठक जमिनीवर असते.

एक गोष्ट ताईने तिथे सांगितली, ती नानांना जेवणापेक्षा जास्त आवडली. कोरियातही साठाव्या वाढदिवसाला मान आहे, त्याला ह्वानगाप म्हणतात. कारणही आपल्यासारखंच. आपली प्रभवपासूनची 60 संवत्सरं संपून जन्माचं संवत्सर परत येतं, तसं त्यांचंही 60 वर्षांचं चक्र पुरं होतं. आणखी एक, तिथे घरातलं वडीलधारं माणूस चमचा उचलत नाही तोवर कुणी सुरुवात करत नाही. आई घरी सगळ्यांचं झाल्यावर बसते. इथे आम्ही हात बांधून तिच्याकडे बघत बसलो, तेव्हा तिला कुठे बघावं कळेना.

गोडाचं आधीच बघा. जेवणानंतर आम्हाला गार, गोडसर तांदळाचं पेय मिळालं, सिख्ये म्हणतात, आणि तेवढंच. आईने घरून खापरावरच्या पुरणपोळ्या बांधून आणल्या होत्या. रात्री साडेअकराला ताईच्या फ्लॅटवर दूध तापवलं आणि त्या कुस्करून खाल्ल्या.