माणूस बदलला की गाय पान्हा चोरते, हे खरं आहे का?
खरं आहे, पण त्यात गाईची लबाडी नसते. कासेला ओळखीचा हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि पान्हा फुटतो. ती घाबरली की अ‍ॅड्रेनालिन हे भीतीच्या वेळी सुटणारं हार्मोन आड येतं. दूध कासेत असूनही उतरत नाही. काठी उगारणारा माणूस तिच्या बरोबर लक्षात राहतो. न्यूकॅसल विद्यापीठाने २००९ साली ब्रिटनमधल्या ५१६ पशुपालकांची पाहणी प्रसिद्ध केली. गाईंना नावाने हाक मारणाऱ्यांकडे गाईमागे वर्षाला २५८ लिटर दूध जास्त! अर्थात नाव ठेवणारा (चांगल्या अर्थाने) चारापाणीही नीट बघत असणार, म्हणून सगळं श्रेय हाकेला नको. नवा गडी धारेला बसवण्याआधी आठवडाभर त्याच्याच हातून पेंड घाला.