'द गॉडफादर'वरून पडलेले दोन तट आणि तेलाचा एक व्यापारी

आपल्या वाचनगटात मारिओ पुझो यांच्या 'द गॉडफादर' या कादंबरीवरून दोन तट पडले आहेत. निम्म्या मंडळींना ती कुटुंब आणि सत्ता यांची थोर कथा वाटते, तर उरलेल्यांना ते खुनी माणसांचे गोडवे गाणारे बाजारी पुस्तक वाटते. तेव्हा कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे, असे आपण विचारले आहे. मी ही कादंबरी तीन वेळा वाचली आहे. पहिल्यांदा वसतिगृहात वाचली, तेव्हा तेथील जीर्ण प्रत टेबलावर ठेवताच आपोआप एका विशिष्ट पानावर उघडत असे, आणि ते पान कोणते हे सर्वांना ठाऊक असूनही त्याविषयी कोणी बोलत नसे. त्या वेळी मी पहिल्या तटात होतो, दुसऱ्या वाचनात दुसऱ्या तटात गेलो आणि तिसऱ्या वाचनात एका परिच्छेदापाशी अडलो. त्या परिच्छेदाविषयीच प्रथम लिहितो, कारण आपल्या गटातील वादाचे मूळ तेथे आहे असे मला वाटते.

कादंबरीचा तिसरा भाग उघडावा. तरुण व्हिटो कॉर्लिओन 'जेन्को पुरा' या नावाने ऑलिव्ह तेलाचा धंदा कसा उभा करतो, याची हकिकत तेथे येते. प्रतिस्पर्ध्यांची गोदामे जळतात, धक्क्याजवळच्या दगडी रस्त्यांवर तेल ओतले जाते, आणि मग मूळच्या मिलानच्या एका घाऊक व्यापाऱ्याची गोष्ट अवघ्या काही ओळींत उरकली जाते. हा गृहस्थ पोलिसांवर नको इतका विश्वास ठेवून आपल्याच देशबांधवांविरुद्ध तक्रार करतो आणि प्रकरण पुढे सरकण्यापूर्वीच नाहीसा होतो. मागे पत्नी आणि तीन मुले राहतात. मुले देवाच्या कृपेने मोठी झालेली होती, वडिलांचा धंदा सांभाळण्याइतकी आणि जेन्को पुरा कंपनीशी जुळवून घेण्याइतकी कर्ती होती, असे सांगून निवेदक शांतपणे पुढच्या गोष्टीकडे वळतो. मारेकरी दिसत नाही, प्रेत दिसत नाही, खून हा शब्दसुद्धा येत नाही.

येथे 'देवाच्या कृपेने' हे कोण म्हणत आहे? पुझो स्वतः म्हणत असतील, तर दुसऱ्या तटाचा आरोप सिद्ध झाला असे समजावे. परंतु मला तेथे गल्लीतील एखाद्या वयस्क शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो. ज्याला सर्व काही कळलेले आहे, पण ज्याला त्याच गल्लीत उद्याही राहायचे आहे, असा माणूस या थाटात बोलतो: स्तुतीचे शब्द वापरायचे, आणि ज्याला समजायचे त्याला समजेल इतकाच तिरकसपणा त्यात ठेवायचा. पुझो यांचा जन्म १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात, नेपल्सच्या बाजूने आलेल्या गरीब कुटुंबात झाला. आपली एकाही खऱ्या गुंडाशी ओळख नव्हती, पुस्तक सर्वस्वी वाचून-अभ्यासून लिहिले, अशी कबुली त्यांनी दिली होती. आणि डॉनच्या, म्हणजे पुढे टोळीप्रमुख झालेल्या व्हिटोच्या, तोंडी घातलेले बोलणे खरे तर आपल्या आईचे होते, असेही त्यांनी नंतर एका प्रस्तावनेत लिहिले. परक्या देशात मुलांना वाढवताना कायद्यापेक्षा नात्यागोत्यावर विसंबणाऱ्या बाईचे शहाणपण खुनी माणसाच्या तोंडी बसवले, तर ते ऐकायला आपलेसे वाटणारच. पहिल्या तटाला डॉन घरातल्या वडीलधाऱ्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे आहे.

आता आरंभीचा प्रसंग पाहू. अमेरिगो बोनासेरा हा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ न्यायालयात बसला आहे. त्याच्या मुलीला ज्या दोन तरुणांनी बेदम मारले, त्यांना न्यायाधीश शिक्षा सुनावतात आणि त्याच दमात ती स्थगितही करतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला बोनासेराची बाजू समजावून सांगावी लागत नाही. तो डॉनकडे जातो, डॉन आधी त्याचा अपमान करतो, मग त्याचे काम स्वीकारतो, आणि मोबदल्यात पैसे न घेता कधी काळी मागायची एक सेवा त्याच्या नावे मांडून ठेवतो. बोनासेराला न्याय मिळाला असे वाचकाला वाटते, प्रत्यक्षात तो मिंधा झालेला असतो. ही मेख ज्याच्या लक्षात येते त्याला पुढची सगळी कादंबरी मिंधेपणाची कादंबरी म्हणून दिसते. पुढे आपला थोरला मुलगा सनी याच्या खुनानंतर डॉन ते देणे वसूल करतो: गोळ्यांनी चाळण झालेला मुलाचा चेहरा आईला पाहता येईल इतका तरी नीट कर, एवढेच तो मागतो. निरोप येतो तेव्हा आता आपल्याला कोणत्या खुनात गोवणार, या भीतीने बोनासेरा अर्धमेला झालेला असतो. पहिल्या तटातील मंडळी या प्रसंगात पित्याचे दुःख तेवढे वाचतात; बोनासेराची ती भीतीही वाचावी, अशी माझी त्यांना विनंती आहे. (आपल्याकडे 'त्याला राजकारणात कोणी गॉडफादर नाही' हे वाक्य हळहळ व्यक्त करण्यासाठी वापरले जाते, यावरून आपण सर्वच कोणत्या तटाकडे झुकलेलो आहोत ते दिसते.)

दुसऱ्या तटाचे म्हणणे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांच्या खिशातून हे साम्राज्य उभे राहिले, ती माणसे या पुस्तकात जवळजवळ नाहीतच. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळीबाजारावर माफियाची प्रत्यक्षात अनेक दशके पकड होती, आणि अशा ठिकाणी द्यावी लागणारी खंडणी शेवटी पिशवी घेऊन बाजाराला आलेल्या बाईच्या माथी बसते. ती बाई कादंबरीत कोठेही भेटत नाही. अमली पदार्थांच्या प्रकरणाचेही असेच आहे. डॉन त्या धंद्याला नकार देतो, म्हणून तो तत्त्वनिष्ठ आहे असे अनेक वाचकांच्या आठवणीत राहून गेले आहे. मूळ पानांवर त्याचे कारण व्यवहारी आहे: जुगाराकडे काणाडोळा करणारे राजकारणी आणि न्यायाधीश या धंद्यात आपली साथ सोडतील, असे त्याला वाटते, आणि कोणी पोटासाठी काय करतो याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, असेही तो बजावतो. पुढे सर्व टोळीप्रमुखांच्या बैठकीत डेट्रॉइटचा प्रमुख हा व्यापार कृष्णवर्णीय वस्त्यांपुरता ठेवावा असे सुचवतो, तेव्हा निवेदकाचा तो तिरकस शेजारीही गप्प बसतो. तेथे मला पुस्तकाचा बचाव करता येत नाही.

आपल्या गटातील किती जणांनी चित्रपट आधी पाहिला, हेही विचारून घ्यावे. १९७२ च्या चित्रपटाला निवेदक नाही, त्यामुळे तेलाच्या व्यापाऱ्यासंबंधीचा तो आवाजही त्यात नाही. सगळे भव्य, अंधारे आणि गंभीर होते. उलट पुस्तकातील सर्वांत भयंकर हकिकत चित्रपटाने गाळली आहे. लुका ब्रासी हा डॉनचा विश्वासू मारेकरी आपल्या नवजात अपत्याला भट्टीत टाकायला लावतो, हे सिसिलीत लपून राहिलेल्या डॉनच्या धाकट्या मुलाला, मायकेलला, एक सुईण सांगते. डॉनला ही गोष्ट कळलेली असते, आणि तरीही त्या माणसाला तो पदरी ठेवतो. ज्या लेखकाला केवळ गोडवे गायचे आहेत, तो ही गोष्ट मुलाच्या कानावर का घालील? शेवटही वेगळा आहे. चित्रपटात मायकेलची पत्नी के हिच्या तोंडावर दार बंद होते; कादंबरीत ती धर्मांतर करून चर्चमध्ये जाते आणि सासूप्रमाणेच तीही नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. ज्याच्या आत्म्याची घरच्या बायकांना रोज चिंता वाहावी लागते, त्याचा गौरव या शेवटात मला तरी दिसत नाही.

दर्जाविषयीच्या तक्रारींपैकी बऱ्याच मला मान्य आहेत. लास व्हेगास, सनीची प्रेयसी लूसी मॅनचिनी आणि तिचे डॉक्टर, गायक जॉनी फॉन्टेनची हॉलिवूडमधील सुखदुःखे ही प्रकरणे कंटाळवाणी आहेत, आणि चित्रपटाने त्यांना कात्री लावली यात वाचकाचे काही नुकसान झाले नाही. पुझो यांनी हे पुस्तक पैशांसाठी लिहिले ही गोष्ट त्यांनी स्वतःच लपवली नाही. आधीच्या दोन कादंबऱ्यांना चांगले अभिप्राय मिळाले होते, पैसे मिळाले नव्हते. वय पंचेचाळीस, डोक्यावर २० हजार डॉलरचे कर्ज, आणि दुसऱ्या कादंबरीत माफियाचा मसाला थोडा अधिक असता तर ती खपली असती, असा प्रकाशनसंस्थेतून मिळालेला सल्ला. पुढे केवळ साध्या बांधणीच्या आवृत्तीचे हक्क ४ लाख १० हजार डॉलरला विकले गेले. मात्र पोटासाठी लिहिले म्हणून ते हलके, हा युक्तिवाद आपल्या गटात कोणी करत असेल, तर तो मला पटत नाही, कारण त्या न्यायाने निम्मे साहित्य बाद करावे लागेल.

इटालियन वंशाच्या अमेरिकनांतही याच प्रश्नावर दुफळी होती. चित्रपटाच्या वेळी त्यांच्या एका हक्कसंघटनेने आपल्या समाजाची बदनामी होते अशी हरकत घेऊन संहितेतून 'माफिया' हा शब्द काढायला लावला. त्या संघटनेचा संस्थापक जोसेफ कोलंबो हा न्यूयॉर्कच्या पाच माफिया कुटुंबांपैकी एकाचा प्रमुख होता, एवढे सांगून पुढे जातो.

दुसऱ्या तटातील मंडळींना मारल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने लिहिलेले काही हवे असेल, तर सिसिलीचे लेखक लिओनार्दो शाशा यांची १९६१ ची 'द डे ऑफ द आउल' (घुबडाचा दिवस) ही कादंबरी जरूर सुचवावी. तिचे इंग्रजी भाषांतर मिळते. पहाटेच्या चौकात बस सुटण्याच्या बेतात आहे, धावत येणारा एक बांधकाम ठेकेदार गोळ्या लागून पडतो, आणि पोलीस येताच प्रवासी एकेक करून पसार होतात. शेजारीच हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या विकणारा फेरीवाला उभा होता. गोळ्या कोणी झाडल्या असे त्याला नंतर विचारतात, तेव्हा गोळीबार झाला का, असे तोच निरागसपणे उलट विचारतो. पुझो यांच्या पुस्तकात त्या फेरीवाल्याची भीती दिसत नाही. त्याने त्या भीतीपायी निवडलेले शब्द तेवढे ऐकू येतात.

तेव्हा कोणाचे ग्राह्य धरावे याचा निकाल मी देत नाही. पुढच्या बैठकीत तिसऱ्या भागातील तो तेलाच्या व्यापाऱ्याचा परिच्छेद कोणाला तरी मोठ्याने, सावकाश वाचायला सांगावा आणि 'देवाच्या कृपेने' या शब्दांपाशी कोण हसते, कोण गप्प होते आणि कोणाला त्यात काही वावगे वाटतच नाही, ते पाहावे. आपण सांगता ते दोन तट नेमके तसेच राहतील असे मला वाटत नाही. काय घडले ते येथे अवश्य कळवावे.