सौर वीज, शेजार आणि पाळी : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या काही आठवड्यांत पुरंदर, शिरूर, खेड आणि जुन्नर भागातल्या गट बैठकांना जाणं झालं. कीड-रोग आणि खतांचे प्रश्न नेहमीसारखे होतेच. पण या वेळी जवळपास प्रत्येक बैठकीत कुणीतरी विजेचा विषय काढला. आपल्या रानात, गोठ्यात, छतावर तयार होणारी वीज किंवा गॅस शेजाऱ्याबरोबर, गटाबरोबर, गावाबरोबर वाटून कसा घ्यायचा, असाच बहुतेकांचा प्रश्न होता. बैठकीत घाईघाईनं दिलेली उत्तरं मला स्वतःलाच अपुरी वाटली, म्हणून त्यातले पाच प्रश्न इथे सविस्तर घेतो.

माझ्याकडे ५ एचपीचा सौर पंप आहे. अंजिराला ठिबकनं दीड-दोन तासांत पाणी होतं, नंतर पंप बंद असतो. शेजारच्या चुलतभावाची मोटार डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाल्यामुळे आठ दिवस उभी आहे. बांधावरून वायर टाकून त्याला वीज दिली तर चालेल का? (पुरंदर)

वायर टाकू नका. कायद्याचं नंतर बोलू, आधी जिवाचं. सौर पॅनेलमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज येते आणि ओळीनं जोडलेल्या पॅनेलचा एकत्रित दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. डीसीची ठिणगी एकदा धरली की सहजासहजी तुटत नाही. ओली माती, उंदरानं कुरतडलेली वायर आणि बांधावरून जाणारी लेकरं, गुरं हे सगळं डोळ्यांपुढे आणा. शिवाय भावाची मोटार तुमच्या पॅनेलवर थेट चालणारच नाही. त्यासाठी तुमच्या पंपाची नियंत्रण पेटी, म्हणजे कंट्रोलर, उघडावा लागेल, आणि तो परस्पर उघडला की पाच वर्षांची हमी गेलीच म्हणून समजा.

कायदाही असा आहे की दुसऱ्याला वीज पुरवायची तर परवाना लागतो. २००३ च्या वीज कायद्यात सरकारनं अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात स्वतः वीज तयार करून वाटणाऱ्याला परवान्यातून सूट आहे, हे खरं. पण सुरक्षिततेचे नियम त्यालाही पाळावेच लागतात. बांधावरची वायर त्यात कुठेच बसत नाही.

मग भावाला काय द्यायचं? पाणी द्या. तुमच्या पंपाचे पॅनेल साधारण ५ किलोवॅटचे असतात. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर स्वच्छ दिवशी २० युनिटची ताकद तुमच्या रानात उभी आहे आणि तुम्ही त्यातला थोडाच हिस्सा वापरता. पंप बंद असताना उरलेली वीज तयारच होत नाही, त्यामुळे ती साठवायचाही प्रश्न नाही. त्या वेळात विहिरीचं पाणी पाइपनं भावाच्या शेततळ्यात किंवा टाकीत सोडा. बॅटरी महाग असते आणि काही वर्षांत बदलावी लागते. अस्तरीकरण केलेलं शेततळं तेच काम स्वस्तात करतं. दुपारचं ऊन त्यात पाण्याच्या रूपानं साठतं आणि भावाला ते संध्याकाळी गुरुत्वानं घेता येतं.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्यावरच्या बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. सौर पंपाचा अर्ज करतानाही त्यांचं ना हरकत पत्र लागतंच. दुसरं म्हणजे किती तास, कोणत्या दिवशी, पाइप फुटला तर खर्च कुणाचा, हे वहीत लिहून दोघांनी सही करा. भावाभावांत सही कशाला, असं वाटेल. पण एप्रिलमध्ये विहिरीनं तळ गाठला की आठवणी वेगवेगळ्या होतात, आणि तेव्हा त्या वहीचा उपयोग होतो.

आमच्या आठ जणांच्या जमिनी लागून आहेत. मिळून सौर प्रकल्प टाकून वीज विकता येईल का? साखर कारखाने विकतात, मग आम्ही का नाही? (शिरूर)

येईल, आणि तुमच्यासारख्यांनी हे केलेलं आहे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी काढली. प्रत्येकाच्या रानात सौर पंप होता. ते सगळे पंप एका छोट्या जाळ्यात जोडले आणि सिंचन करून उरलेली वीज एकाच मीटरमधून वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. या कामात मदत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेनं वर आणखी अडीच रुपये दिले, त्यातला सव्वा रुपया हरित विजेसाठी आणि सव्वा रुपया पाणी वाचवल्याबद्दल. बदल्यात त्या शेतकऱ्यांनी सवलतीच्या वीजजोडावरचा हक्क सोडला.

हा पाण्याचा सव्वा रुपया मला फार महत्त्वाचा वाटतो. ऊन फुकट म्हटल्यावर पंप दिवसभर चालू ठेवायचा मोह होतो, आणि शिरूर-पुरंदरच्या पठारावर आपल्या विहिरींना ते झेपणारं नाही. न उपसलेल्या पाण्याचे पैसे विजेच्या रूपानं मिळायला लागले की शेतकरी आपणहून मोटार बंद करतो. उपदेशानं आम्हाला जे कधी जमलं नाही, ते युनिटच्या दरानं जमू शकतं. मात्र तो दर आज मिळेल, असं धरून चालू नका. त्यानंतर सौर वीज बरीच स्वस्त झाली आहे.

तुमच्यापुढे आज दोन वाटा आहेत. पहिली पीएम-कुसुम योजनेच्या 'अ' घटकाची. त्यात ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, पाणीवापर संस्था किंवा पंचायत उभारू शकते. जागा पडीक असावी आणि शक्यतो उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत असावी. १ मेगावॅटला साधारण ४ एकर लागतात आणि खर्च चारेक कोटींच्या घरात जातो. म्हणजे बँकेचं कर्ज आलं आणि आठही जणांच्या सह्या आल्या.

दुसरी वाट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ची. इथे प्रकल्प कंपनी उभारते, तुम्ही जमीन भाड्यानं देता. भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यात दर वर्षी ३ टक्के वाढ. एकराला ५० हजार पडले. मुरमाड, खडकाळ, कुसळी उगवणाऱ्या माळाला हा भाव चांगला आहे. पण विहिरीखालची काळी जमीन यात देऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. करार दीर्घ मुदतीचा असतो, आणि तुमच्या मुलाला उद्या ते रान कसायचं असेल तर पॅनेल उपटता येत नाहीत.

यातली कुठलीही वाट धरा, पण आधी आपसातलं वाटप ठरवा. एका गावात बंद पडलेली सहकारी उपसा सिंचन योजना मी पाहिली आहे. जमिनीखाली पाइप अजून तसेच आहेत, पंपघराला दार उरलेलं नाही. यंत्र उत्तम होतं. चौघांनी बिल भरायचं थांबवलं, मग बाकीच्यांनी का भरावं असं झालं, आणि वीज तुटली. याउलट आपल्याच जिल्ह्यातल्या पुरंदरात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर न देता माणसांवर दिलं. माणशी अर्धा एकराला पुरेल इतकं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क होता, उसाला बंदी होती आणि योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा सभासदांनी उचलायचा होता. मोटार बसवायच्या आधी हे नियम ठरलेले होते. तुम्ही आठ जण बसाल तेव्हा पॅनेलच्या कंपनीचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि हेच प्रश्न आधी घ्या. कुणाचा किती वाटा, पैसे थकले तर काय, जमीन विकली तर हिस्सा कुणाकडे जातो, पॅनेल धुणार कोण.

आम्ही बचत गटाच्या बारा जणी आहोत. गिरण, मिरची कांडप आणि दूध संकलन सुरू करायचं आहे. एका सौर संचावर सगळ्यांनी मिळून काम करता येईल का? (खेड)

येईल ताई, आणि वाटून वापरण्याचा हा सर्वांत सोपा प्रकार आहे. वीज वाटायला गेलं की मीटर, परवाना, वायर हे सगळं आलं. तुम्ही वीज वाटूच नका. एका छताखाली यंत्रं ठेवा आणि दळण, कांडप, थंड दूध वाटा. दर किलोमागे घ्या, युनिटमागे नको. गिरणीची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३ अशी ठेवा. दळण टाकायला बायका संध्याकाळीच येतात हे मला माहीत आहे, म्हणून डबे सकाळी गोळा करायची सोय करा.

दुधाची अडचण वेगळी आहे. दूध येतं पहाटे आणि संध्याकाळी, ऊन असतं दुपारी. त्यासाठी दिवसा बर्फ करून ठेवणारा आणि त्या थंडाव्यावर दूध गार करणारा कूलर घ्या. तोही एक प्रकारचा साठाच.

सभासदांच्या घरांसाठी पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या संचाला पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. पत्र्याचं घर किंवा झाडाच्या सावलीतलं छत असणाऱ्यांचं काय, असं तुमच्यापैकी एकीनं विचारलं होतं. एका ठिकाणी सामाईक संच बसवून त्याची युनिटं अनेकांच्या बिलांत वळती करायची पद्धत आहे, तिला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत तिचे नियम २०१९ मध्ये झाले. तुमच्या जोडांना ती लागू होते का, हे महावितरणच्या उपविभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

चार घरांचे गोठे जवळजवळ आहेत. मिळून एक मोठा बायोगॅस केला तर? (शिरूर)

मला हा प्रश्न सर्वांत आवडला, कारण यात गॅसही घरचा, खतही घरचं. हिशेब सोपा आहे. १ घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पाच माणसांच्या घराच्या स्वयंपाकाला २ घनमीटरचा संच पुरतो. म्हणजे चार घरांना ८ घनमीटर, रोज २ क्विंटल शेण. तुमच्या एकूण गुरांचं शेण वर्षभर इतकं भरतं का, ते आधी आठवडाभर वजन करून बघा. अंदाजावर खड्डा खणू नका.

गॅसचा दाब फार कमी असतो, म्हणून संच घरांच्या जवळ हवा. पाइपला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या ठिकाणी पाणी काढायची तोटी ठेवा. पाइपात पाणी साचलं की शेवटच्या घराची शेगडी विझते आणि भांडण सुरू होतं. हिवाळ्यात गॅस कमी मिळतो, हेही सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

वाटपाला डेअरीची रीत वापरा. डेअरीत जसं रोज लिटर आणि फॅट लिहितात तसं रोज कोणाचं किती किलो शेण आलं ते लिहा. गॅस चौघांना सारखा, पण गॅस निघाल्यावर उरणारी स्लरी (पातळ शेणखत) मात्र शेणाच्या प्रमाणात. ज्याच्या दोनच म्हशी आहेत त्याच्याही घरी चूल पेटेल आणि ज्याच्या दहा आहेत त्याला खताचा न्याय मिळेल. चार घरांपैकी एखाद्या घरी गुरंच नसतील तर त्यांनी रोज शेण कालवायचं काम घ्यावं, तोही वाटाच आहे.

गावाजवळ सौर प्रकल्प होतोय. आमचं बिल तर माफच आहे, मग यातून आम्हाला काय मिळणार? (जुन्नर)

साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना बळीराजा वीज सवलत योजनेत मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज आहे, ते बरोबर. पण बिल माफ झालं तरी वीज येते रात्री, आणि तुमच्याकडे उसात बिबट्या आहे. रात्री दोनच्या पाळीला हातात बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेल्या माणसाच्या घरचे काय अवस्थेत जागे असतात, हे जुन्नर-आंबेगावच्या लोकांना मी सांगायला नको. या प्रकल्पाची वीज जवळच्या उपकेंद्रातून थेट शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) मिळते, त्यामुळे पाणी दिवसा देता येतं. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये वर सांगितलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सुरू झाला. मोफत विजेपेक्षा दिवसाच्या विजेसाठी तुम्ही आग्रह धरावा, असं माझं मत आहे.

त्या योजनेत ग्रामपंचायतीलाही वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं, एकूण १५ लाख रुपये मिळतात. ते कशावर खर्च होणार हे ग्रामसभेत विचारा. माझी सूचना अशी की त्यातून नळपाणी योजनेच्या पंपाला सौर संच बसवावा. म्हणजे पंचायतीच्या विजेच्या बिलाचा बोजा वर्षानुवर्षं हलका होईल आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्याही हंड्यापर्यंत या प्रकल्पाचा फायदा पोचेल.

पुढच्या बैठकीला येताना गटानं मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं, सातबारा, विहिरीतल्या हिस्स्यांची नोंद आणि जवळच्या उपकेंद्राचं अंतर लिहून आणावं. बायोगॅसवाल्यांनी शेणाची आठवड्याची वही आणावी. आकडे समोर असतील तर तिथेच बसून कच्चा आराखडा करू.