निळवेल, रताळं आणि आमचा आलू

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंनी विचारलंय: कुंपणावरच्या निळ्या मॉर्निंग ग्लोरीला मराठीत काय म्हणावं? शेजारणी गोकर्ण म्हणतात, सुनेने ‘प्रभातवैभव’ सुचवलंय.

दोन्ही नको. गोकर्ण शेंगा धरणाऱ्या कुळातली, तिचं फूल गाईच्या कानासारखं. तुमच्या वेलीचं फूल कर्ण्यासारखं. कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते, पहाटे उलगडते आणि ऊन चढलं की मलूल होते. निळं दिसलं की गोकर्ण, हे ऐकून माझं डोकं फिरतं. ‘प्रभातवैभव’ म्हणजे तर इंग्रजीला नेसवलेलं धोतर. निळवेल हा सरळ शब्द घरात आहे, तो वापरा. हिचं बी म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानातला काळादाणा. शास्त्रीय नाव इपोमिया निल. त्यातलं ‘निल’ म्हणजे अरबी-फारसीची वाट धरून गेलेलं आपलंच नील.

याच इपोमियात गणेशवेल येते, नाल्याकाठचा बेशरम येतो आणि रताळंही येतं. रताळ्याचं शास्त्रीय नाव इपोमिया बटाटास. इथे थांबा जरा! ‘बटाटा’ हे मुळात रताळ्याचंच नाव. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बताता’ म्हणत. तो शब्द स्पॅनिशांनी उचलला, पोर्तुगीजांकडे गेला, आणि मग वांग्याच्या कुळातल्या, दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातल्या भलत्याच कंदाला चिकटला. १५९७ साली इंग्रज वनस्पतीकार जेरार्डसुद्धा रताळ्यालाच साधा ‘पोटॅटो’ म्हणतो. पोर्तुगीज आजही रताळ्याला ‘गोड बटाटा’ म्हणतात.

म्हणून पुण्याचे पाहुणे आमच्या ताटाशी बसून “आलू काय म्हणता, बटाटा म्हणा, शुद्ध मराठी बोला” असं शिकवतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही. ‘आलु’ संस्कृतात कंदाला आहे. ‘रताळ्या’तही तोच आहे: रक्तालु. माझ्या मते ‘अळू’सुद्धा त्याच घरातलं. परदेशातून आला तो बटाटा, आणि तोही दुसऱ्याचं नाव घेऊन.

कोशकारांशीही माझं भांडण आहे. ‘रक्तालु म्हणजे रताळे’ असं लिहून मोकळे होतात, जणू आपले पूर्वज उपासाला रताळीच खात होते. रताळं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या आधी ते इथे कुठलं? संस्कृत-इंग्रजी कोश करणाऱ्या मोनियर-विल्यम्सने रक्तालुपुढे डायोस्कोरिया हे कोनफळाच्या गणाचं नाव लिहिलंय, तेच बरोबर. म्हणजे हिवाळ्यात इंदूरच्या सराफा बाजारात तळून, मसाला भुरभुरून मिळतो त्या गराडू कंदाचा तांबडा भाऊबंद. नवा कंद आला, आणि जुन्या कंदाचं नाव त्याला मिळालं.

ताई, खात्री करायची असेल तर कोंब आलेलं एक रताळं कुंडीत पुरा. नेहमी फुलत नाही, पण फुललं तर फिकट जांभळा, आत गडद गळ्याचा कर्णा दिसेल. तो तुमच्या कुंपणावरच्या निळवेलीशेजारी धरून बघा.